बेळगावहून बर्फाच्या झाडीत: वेळेवर मोजल्या जाणाऱ्या स्की शर्यतीची पहिली तयारी

आपल्याकडे बर्फ पडत नाही. जानेवारीत खानापूर-जांबोटीकडे पहाटे शेकोट्या पेटतात, थंडीची मजल तेवढीच. तरीही गुलमर्गला चार-आठ दिवस स्की करून आलेल्या कित्येकांच्या मनात एक प्रश्न राहतो: आखलेल्या सपाट उतारावर जमलं, आता झाडीतून आणि मोकळ्या बर्फातून उतरायचं, तेही वेळ मोजून, तर सुरुवात कुठून करायची? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून निघणाऱ्या नवख्याला पायरीपायरीने उपयोगी पडावं म्हणून हे लिहिलं आहे. या खेळात घाई करणाऱ्याचा गुडघा जातो, क्वचित जीवही जातो. म्हणून काही पायऱ्यांवर जास्त वेळ थांबलो आहोत.

१. शर्यत कशी असते ते आधी नीट समजून घ्या

यंत्राने दाबून, सपाट करून, खुणा लावून ठेवलेल्या उताराला पिस्ट म्हणतात. त्याच्या बाहेरचा सगळा डोंगर म्हणजे ऑफ-पिस्ट. तिथे बर्फ दाबलेला नसतो, खडक आणि ओंडके झाकलेले असतात, झाडं असतात.

ऑफ-पिस्टवरच्या वेळेच्या शर्यती मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात वरून निघायचं आणि खाली पोहोचायचं, मधली वाट ज्याची त्याने निवडायची. फ्रान्समधल्या ला ग्राव्ह इथली डर्बी द ला मेज ही १९८९ पासूनची शर्यत अशीच आहे. तिथे उंचीतला फरक दोन हजार मीटरांहून जास्त आहे. दुसरा प्रकार एंड्युरोचा. त्यात डोंगरावर तीन-चार किंवा जास्त टप्पे असतात, त्यांची वेळ मोजली जाते, आणि एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ निकालात धरत नाहीत. सगळ्या टप्प्यांची बेरीज ज्याची कमी, तो पुढे. मोटार रॅली पाहिलेल्याला हे लगेच उमगेल.

भारतात स्पर्धेचं मैदान मात्र बहुतांशी दांड्यांमधून वळणाऱ्या शर्यतींचं, म्हणजे स्लालम आणि जायंट स्लालमचं आहे. गुलमर्गला २०२० पासून होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत हेच प्रकार मुख्य. ते कमी समजू नका. झाडीत लागणारं वळणाचं अंग तिथेच घडतं. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लालममध्ये ४५ वा आला. त्या दिवशी बर्फ पडत होता, समोरचं नीट दिसत नव्हतं आणि बरेच जण खाली पोहोचलेच नाहीत. त्याच ऑलिम्पिकमध्ये स्लालम मात्र त्याला पूर्ण करता आली नाही. खाली उभं पोहोचणं हेच किती मोठं काम आहे, ते यातून कळतं. झाडीत ते दुप्पट खरं.

२. तीन हिवाळे धरून चला

पहिला हिवाळा फक्त शिकण्याचा. गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि औलीत गढवाल मंडल विकास निगम हे अभ्यासक्रम घेतात. चार दिवस भाड्याने स्की घेऊन ओळखीच्या पोराकडून शिकण्यापेक्षा सलग चौदा दिवसांचा वर्ग कितीतरी बरा. चुकीची उभं राहण्याची सवय एकदा लागली की मोडायला पुढचा हिवाळा जातो.

दुसरा हिवाळा ऑफ-पिस्टचा, तोही जाणत्या गाइडबरोबर. सोबत हिमस्खलनातून माणूस शोधण्याचं प्रशिक्षण घ्या.

तिसऱ्या हिवाळ्यात घड्याळ लावा. त्याआधी स्वतःला हे विचारा:

- पिस्टच्या सगळ्यात तीव्र उतारावर, सांगितलेल्या जागी, दोन्ही बाजूंना वळून थांबता येतं का?
- गुडघाभर भुसभुशीत बर्फात सलग वीस छोटी वळणं न पडता घेता येतात का?
- अरुंद जागेत आडव्या स्कीवर घसरत खाली येता येतं का?
- दाबलेल्या आणि गोठून कडक झालेल्या बर्फात वळण तुटत नाही ना?

एकाचंही उत्तर ‘कधी कधी’ असलं तर अजून वेळ आहे.

३. पावसाळा ओसरला की तयारीला लागा

गुलमर्गचा भुसभुशीत बर्फ साधारण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चांगला. काश्मीरचा चिल्लई कलान हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. हिशेब मागे न्या, म्हणजे गणपती उठले की व्यायाम सुरू व्हायला हवा.

स्कीत मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. चढण्याने ही ताकद येत नाही, उतरण्याने येते. म्हणून राजहंसगड किंवा वैजनाथच्या डोंगरावर सावकाश चढा आणि उतरताना सराव करा: छोटी पावलं, गुडघे वाकलेले, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. आठवड्यातून दोनदा पुरे. सुरुवातीला एकूण उतार १५०-२०० मीटरांचा असू द्या, दर आठवड्याला थोडा वाढवा. पहिल्याच दिवशी तासभर उतारावर पळालात तर पुढचे चार दिवस जिना उतरवणार नाही.

घरी करायचं ते असं: भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, ६० ते ९० सेकंद, तीन वेळा. एका पायावर सावकाश बसणं-उठणं, प्रत्येक पायाला आठ, तीन वेळा. जमिनीवर रेघ ओढून तिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पायांनी उड्या, ३० सेकंद, पाच वेळा.

बेळगावात स्केटिंग शिकवणारे बरेच आहेत, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केटवर, दीड-दोन मीटरांच्या अंतराने शंकू मांडून त्यांच्यामधून वळण्याचा सराव स्कीच्या छोट्या वळणाला फार जवळचा आहे. कमरेखालचं अंग वळतं आणि छाती खालच्या दिशेलाच राहते, हे रिंकवर बसलं की बर्फात निम्मं काम झालं.

एक सावधगिरी. झाडीचा सराव म्हणून कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात एकट्याने पळायला जाऊ नका. भीमगड अभयारण्यात परवानगी लागते, आणि त्या भागात अस्वलं आहेत.

गावात मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेलं कुणी असेल तर त्यांच्याकडे तासभर बसा. काश्मीरच्या हिवाळ्यात राहिलेल्या माणसाला मोजे कसे सुकवायचे, बोटं कधी बधिर होतात, पाणी कसं गोठू द्यायचं नाही, हे विचारा. दुकानदार सांगणार नाही ते ते सांगतील.

४. कागदपत्रं: इथे सीमाभागातला माणूस हमखास अडकतो

- आधार आणि ओळखीचा दुसरा पुरावा
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला (प्रशिक्षण संस्थेचा ठरलेला नमुना असेल तर त्यावरच)
- १८ वर्षांखालील असल्यास पालकांचं संमतिपत्र
- रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहिलेलं कार्ड, दोन प्रती
- अपघात विमा
- परदेशी शर्यतीसाठी पासपोर्ट आणि व्हिसा

पहिला सापळा नावाचा. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, कन्नड कागदावरून इंग्रजीत आलेलं दुसरंच, आणि आडनाव एकदा पुढे तर एकदा मागे. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर गावही वेगळं दिसतं. सगळे अर्ज पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा, आणि पासपोर्ट काढण्याआधी बाकीचे कागद जुळवून घ्या. कन्नडमधले दाखले व्हिसाला जोडायचे असतील तर इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

दुसरा सापळा राज्याचा. नातेवाईक चंदगड-गडहिंग्लजला, शिक्षण कोल्हापुरात आणि घर बेळगावात, असं आपल्याकडे सर्रास असतं. राज्याच्या संघातून खेळायचं असेल तर कर्नाटक की महाराष्ट्र हे पहिल्याच वर्षी ठरवा, आणि त्याच राज्याचे रहिवासाचे कागद तयार ठेवा.

तिसरा विम्याचा. साध्या प्रवास विम्यात ऑफ-पिस्ट आणि शर्यत या दोन्ही गोष्टी बहुधा वगळलेल्या असतात. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. फोनवर ‘स्की कव्हर आहे’ म्हणाले म्हणून भागत नाही, लेखी घ्या. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो, त्याला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

५. सामान

स्की विकत घेण्याची घाई नको, पहिले दोन हिवाळे भाड्याची चालतात. बूट मात्र जमेल तेव्हा स्वतःचे घ्या. भाड्याच्या सैल बुटात टाच उचलली जाते आणि वळणाचा हुकूम स्कीपर्यंत उशिरा पोहोचतो. झाडीत आदळायला तेवढा उशीर पुरतो. स्की-बुटाचं माप पावलाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर असतं. पातळ मोज्यात उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघा पुढे वाकवला की सुटावीत.

- स्की: पावलाखाली ९५ ते १०५ मिलिमीटर रुंद, टोक वर वळलेलं. स्लालमची ६५-७० मिलिमीटरची स्की भुसभुशीत बर्फात बुडते.
- बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड): सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची पातळी यांवरून जाणकाराने लावायचा. ‘शर्यतीत सुटू नये’ म्हणून आकडा वाढवून घेणं ही नवख्याची सगळ्यात महागडी चूक. स्की सुटली नाही तर गुडघ्याचा सांधा पिरगळतो.
- हेल्मेट: स्कीसाठीचंच. सायकलचं चालत नाही.
- गॉगल: ढगाळ दिवसासाठी पिवळट किंवा गुलाबी काच. झाडीत सावली असते, काळी काच घातली तर खड्डे दिसत नाहीत.
- पाठीचं संरक्षक कवच
- ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधण्यासाठी संदेश पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, किमान २४० सेंटिमीटर) आणि धातूचं फावडं. हे तिन्ही एकत्रच उपयोगी, दोनच असतील तर नसल्यासारखे.
- गळ्यात शिट्टी
- अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर. सुती बनियन घामाने ओलं होतं आणि वाळत नाही.

खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा. उतारावर दोन तासांनी हात थरथरायला लागतात, तेव्हा तिचा उपयोग होतो.

६. प्रवास आणि पहिले दोन दिवस

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने थेट हजरत निजामुद्दीनला जाता येतं, पुढे श्रीनगर विमानाने. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गनंतरच्या चढणीवर बर्फ असेल तर साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेलीच गाडी जाते.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर गाइडशी संपर्कच राहणार नाही.

बेळगाव साधारण ७५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० मीटरवर, आणि गोंडोल्याचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३,९०० मीटरांच्या पुढे नेतो. पहिल्या दिवशी फक्त चाला, भरपूर पाणी प्या. दुसऱ्या दिवशी खालच्या उतारांवर राहा. डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर वर जायचं नाही. गोंडोल्याची तिकिटं ऑनलाइन आधी काढावी लागतात. वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असेल तर दुसरा टप्पा बंद राहतो, म्हणून मुक्कामात दोन-तीन दिवस जास्तीचे धरा.

झाडीचा पहिला सराव बाबा रेशीच्या बाजूला किंवा मंकी हिलवर, गाइडबरोबर. अफरवटच्या माथ्यावरून थेट खाली यायचा मोह पहिल्या आठवड्यात तरी आवरा.

७. जीव वाचवणारी पायरी

‘झाडं आहेत म्हणजे बर्फ घसरणार नाही’ हा समज खोटा आहे. साधा नियम लक्षात ठेवा: ज्या झाडीतून तुम्ही आरामात स्की करू शकता, त्या झाडीतून हिमस्खलनही येऊ शकतं. शिवाय झाडं असलेल्या जागी सापडलेला माणूस खोडांवर आपटतो. धोक्याचे उतार बहुतेक ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे नेमके आपल्याला आवडणारे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गला एक रशियन. दोन्ही वेळी जागा नेहमीच्या राबत्याच्या पिस्टबाहेरची होती.

रोज सकाळी स्की-पट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या पथकाची, सूचना वाचा. धोक्याची पातळी १ ते ५ असते. ३ असली तरी नवख्याने तीव्र उतार सोडून द्यायचे. ताजा बर्फ पडून गेल्यावर पहिला दिवस सगळ्यात सुंदर दिसतो आणि सगळ्यात वाईटही तोच असतो.

ट्रान्सीव्हर अंगावर, आतल्या थराला बांधलेला हवा, पिशवीत नाही. पाठवण्याच्या स्थितीत फोन त्याच्यापासून २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता खूप, नंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही, सोबत्यानेच काढायचं असतं. म्हणून सराव असा करा: एकाने ट्रान्सीव्हर पिशवीत घालून बर्फात पुरायचा, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचा. जवळ गेल्यावर यंत्र बर्फाच्या अगदी लगत धरा, सगळ्यात लहान आकडा जिथे येईल तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल फिरत प्रोब खुपसा. लागला की प्रोब तिथेच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने खणा.

दुसरा धोका झाडाच्या बुंध्याशी. फर आणि पाइनच्या खालच्या पसरट फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळ, सैल बर्फाचा खड्डा तयार होतो. वरून तो दिसत नाही. त्यात माणूस बहुधा डोकं खाली होऊन पडतो आणि जितका धडपडतो तितका बर्फ अंगावर येतो. उपाय तीन. फांद्या बर्फाला टेकलेल्या झाडाच्या जवळ जायचंच नाही. झाडीत काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवायचे, कारण काठी अडकली तर हात मोकळा राहिला पाहिजे. आणि सोबती नजरेत किंवा हाकेच्या अंतरात हवा. पडलातच तर खोडाला किंवा फांदीला धरा, तोंडासमोर हाताने पोकळी करा, धडपड थांबवा आणि शिट्टी वाजवा.

८. वाट वाचायला शिका

शर्यत इथे ठरते. आदल्या दिवशी परवानगी असेल तर सगळी वाट सावकाश उतरून पाहा, आणि तीनच गोष्टी डोक्यात साठवा: कुठे वळायचं त्या खुणा, कुठे वेग कमी करायचा, आणि कुठे वेग अजिबात सोडायचा नाही. अख्खी वाट पाठ करायला गेलात तर काहीच आठवत नाही. चार-पाच ठळक खुणा पुरे: मोडलेलं झाड, मोठा खडक, ओढ्याची कड.

सरळ वाट नेहमी जलद नसते. खालच्या टोकाला सपाट पट्टा असेल तर थोडी लांबची पण उताराची वाट घेऊन वेग टिकवणारा पुढे जातो. सपाटीवर थांबलेल्याला काठ्या मारत जावं लागतं, तिथे अर्धा मिनिट सहज जातो.

उताराचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेही पाहा. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ भुसभुशीत राहतो. दक्षिणेकडचा दुपारी वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा असतो. तुमची पाळी पन्नासावी असेल तर वाट आदल्या दिवसासारखी राहिलेली नसते: चर पडलेले असतात, फांद्या उघड्या झालेल्या असतात. कमी उतारावर दुसऱ्यांच्या दाबलेल्या चरात जा, तिथे घसरण जास्त. तीव्र उतारावर चराबाहेरचा मऊ बर्फ घ्या, तिथे ताबा राहतो.

९. झाडीत उतरताना

नजर झाडावर ठेवली की अंग झाडाकडेच जातं. दोन खोडांमधल्या पांढऱ्या फटीकडे बघा, आणि त्या फटीत शिरण्याआधी पुढची फट शोधून झालेली असू द्या.

वेगाचा हिशेब साधा आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर २० मीटर दिसत असेल तर हाताशी दोन सेकंदही नाहीत. दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल तोच तुमचा वेग, मग घड्याळ काहीही म्हणो.

वळणं छोटी आणि एका लयीत. भुसभुशीत बर्फात दोन्ही पायांवर वजन जवळजवळ सारखं. पिस्टसारखं बाहेरच्या एकाच पायावर टाकलं की तो बुडतो. हात कमरेच्या पुढे, छाती उताराकडे. मागे रेलू नका. भीती वाटली की सगळे मागे रेलतात, आणि मागे रेललं की स्कीचं टोक ऐकत नाही. जागा संपत आली तर स्की आडव्या करून घसरत खाली या. दोन सेकंद गेले तर गेले. पडलात तर उठून, बर्फ झटकून, बूट बाइंडिंगमध्ये बसवेपर्यंत मिनिट जातं, आणि स्की बर्फात बुडाली तर शोधण्यात कितीतरी मिनिटं. स्की बहुधा तुम्ही थांबलात त्या जागेच्या वरच्या बाजूला, पडलात तिथेच असते. आधी तिथे शोधा.

१०. शर्यतीच्या दिवशी

आयोजकांना सकाळी विचारायच्या गोष्टी: वाटेवरचा हिमस्खलनाचा धोका आज कुणी तपासला, वाटेवर गस्त कुठे कुठे आहे, सोडून द्यायचं असेल तर बाहेर कुठून पडायचं आणि कुणाला सांगायचं. समाधान होईल असं उत्तर मिळालं नाही तर उतरू नका. भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

वेळेची चिप बहुधा घोट्याला किंवा मनगटाला बांधतात. ती नीट बसली आहे का, सुरुवातीच्या जागी दाखवून घ्या. सुरुवातीला आडवी काठी असेल तर ती नडगीने उघडली की घड्याळ सुरू होतं, म्हणून आधी शरीर पुढे टाका, पाय नंतर. पाळीच्या दहा मिनिटं आधी जॅकेट काढा, वीसेक बैठका मारा, काठ्यांचे पट्टे मोकळे आहेत ना ते पाहा. मागून वेगवान स्पर्धक आला तर आपली रेघ अचानक बदलू नका, त्याला पुढे जाऊ द्या. आणि वाटेत कुणी पडून उठत नसेल तर थांबायचं, हा नियम घड्याळाच्या वरचा आहे.

११. बेळगावला परत आल्यावर

आपला पावसाळा स्कीच्या पोलादी कडांचा शत्रू आहे. जूनपर्यंत तशाच ठेवल्यात तर कडा गंजतात. आल्याबरोबर पुसून कोरड्या करा, तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. बुटाचं आतलं अस्तर बाहेर काढून सावलीत वाळवा, मग परत घालून बकल हलक्या लावून ठेवा. ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या आजच काढा. सहा महिन्यांनी त्या गळून यंत्र खराब होतं, आणि ते कळतं नेमकं पुढच्या जानेवारीत, गुलमर्गला पोहोचल्यावर.